कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी: अंगणवाडी की गल्लीतली नर्सरी?

प्रश्न: आम्ही वडोदऱ्याला मांजलपूरमध्ये राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मूळच्या धुळ्याकडच्या, त्यांचा नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. वस्तीतल्या इंग्रजी नर्सरीत महिना नऊशे रुपये भरून तिला घालायचं ताईंच्या मनात आहे. निम्मे पैसे आपण द्यावेत असं मला वाटतं. सरकारी अंगणवाडी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, पण 'तिथं नुसती खिचडी मिळते' असं सगळे म्हणतात. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या या बालवाड्यांनी गरिबांच्या मुलांचं खरंच काही भलं होतं का?

उत्तर: अंगणवाडीत घाला, असंच मी सांगेन. पण त्याआधी एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला, कोणाला न कळवता, ताईंना बरोबर घेऊन त्या केंद्रावर जाऊन या. काय पाहायचं ते पुढे लिहिते. सगळ्या अंगणवाड्यांना एकच माप लावता येत नाही. तिथली बाई रोज किती वेळ मुलांमध्ये बसते, यावर निम्म्याहून जास्त गोष्टी ठरतात.

मी दांडिया बाजारात वाढले, सयाजीराव विद्यापीठात बालविकास शिकले आणि पुढे एकतीस वर्षं मुख्य सेविका म्हणून अंगणवाड्यांची देखरेख केली. बरीच वर्षं शहरात, काही वर्षं शहराबाहेर. 'नुसती खिचडी' हे शब्द त्या काळात इतक्या वेळा ऐकले की आधी खिचडीबद्दलच बोलते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेलं जेवण मिळण्याचा हक्क दिला आहे. कायद्यातलं मूळ प्रमाण दोन्ही मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं. या वयाच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या हा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग झाला. तुमच्या ताई सात-साडेसातला घर सोडत असतील. मागे मुलीच्या पोटात काय जातं ते त्यांना विचारून पाहा. मी विचारलेल्या बहुतेक घरांतून चहा-खारी, नाहीतर पाच रुपयांचं वेफर्सचं पुडकं हेच उत्तर यायचं. दहाच्या सुमाराला भिंतीला टेकून बसलेलं, हाक मारली तरी मान न उचलणारं मूल मी शेकडो वेळा पाहिलं आहे. सुखडीचे, म्हणजे गूळ-पिठाच्या वडीचे, दोन तुकडे पोटात गेले की वीस मिनिटांत तेच मूल दुसऱ्याच्या हातातला चेंडू ओढायला धावायचं. भुकेल्या मुलाला गाणं शिकवता येत नाही. बापाला त्या दिवशी काम मिळालं की नाही, यावर मुलीचं जेवण अवलंबून राहत नाही, ही त्या घरासाठी लहान गोष्ट नाही. आणि हे सगळं किती पैशांत? २०१७ मध्ये केंद्रानं ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. एवढ्यात कधी कधी खिचडी पातळ होते, हे खरं आहे. त्यावर तक्रार जरूर करा, पण ती दराबद्दल करा.

दुसरा फायदा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. तरसाळीकडच्या एका वस्तीत चौथीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली होती. घरी गेले तर दीड वर्षाचा भाऊ कडेवर आणि तीन वर्षांचा पायाशी. आई दोन सोसायट्यांत धुणं-भांडी करत होती. मधल्याला आम्ही केंद्रात आणलं. धाकट्याला शेजारची आजी दुपारपर्यंत सांभाळायला तयार झाली, कारण दोघं नव्हे, एकच सांभाळायचा होता. मुलगी शाळेत परतली. अंगणवाडीचा हजेरीपट काढून पाहिलात तर त्यात फक्त मधल्या भावाचं नाव सापडेल. बहिणीची चौथी आणि आईची दोन कामं त्यात कुठंही लिहिलेली नसतात. गरीब घरात मुलाच्या बालवाडीचा पहिला लाभ कित्येकदा त्याच्या मोठ्या बहिणीला होतो.

अर्थात अंगणवाडी दुपारपर्यंतच चालते आणि आयांची कामं संध्याकाळीही असतात. मिशन शक्तीखाली २०२२ पासून 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड दिली आहे. तुमच्या भागात तशी सोय झाली आहे का, हे केंद्रावरच विचारा. झाली असेल तर ताईंचा अर्धा घोर मिटेल.

आता शिकण्याकडे येते.

नर्सरीवाल्यांचा दावा असतो की मूल चार वर्षांचं होईपर्यंत ए ते झेड लिहितं. लिहितंही बिचारं. पण साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचे बारीक स्नायू अजून तयार होत असतात. त्या वयात पेन्सिल घट्ट धरून रेघोट्या गिरवण्यापेक्षा मणी ओवणं, कणीक मळणं, चिंचोके नि वाल वेगळे करणं, कागद फाडून चिकटवणं यातून हात जास्त तयार होतो. चिंचोके आणि वाल वेगळे करणं हे दिसायला खेळ, पण वर्गीकरण तेच आणि गणिताची सुरुवातही तीच. रोज एक गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला आधी काय झालं, मग काय झालं हे सांगता येऊ लागतं, आणि ते सांगता येणं ही वाचनाच्या आधीची पायरी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला तो याच विचारानं. २०२४ मध्ये केंद्रानं अंगणवाड्यांसाठी आणलेला 'आधारशिला' हा ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रमही खेळावरच उभा आहे. अंगणवाडीत पाटी-पेन्सिल दिसली नाही म्हणून 'शिकवत नाहीत' असं समजू नका. गिरवण्याच्या वह्यांची चळत दिसली तर मात्र मला काळजी वाटेल.

भाषेचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण या मुलीच्या बाबतीत मला तो सगळ्यात मोठा वाटतो. ताईंच्या घरी बहुधा अहिराणी किंवा मराठी बोलतात. गल्लीत गुजराती. आता त्यावर इंग्रजी घातली तर साडेतीन वर्षांच्या जिवानं कुठल्या भाषेत विचारायचं की मला शू लागली आहे? हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. न समजणाऱ्या भाषेत चार तास गप्प बसून ओली चड्डी घेऊन घरी येणारी मुलं मी पाहिली आहेत. नर्सरी तेवढ्यावरून 'मूल अजून तयार नाही' असा शेरा देते आणि आई तो खरा मानते. अंगणवाडीतली कार्यकर बेन (सेविका) आणि तेडागर बेन (मदतनीस) सहसा त्याच वस्तीतल्या असतात. किशनवाडीच्या बाजूला एका केंद्रात तेडागर बेन राठवी ही आदिवासी बोली, गुजराती आणि मोडकंतोडकं मराठी असं तिन्ही बोलायची. छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची पोरं तिच्या पदराला धरूनच गुजराती शिकली.

'तेडागर' हा शब्द मला फार आवडतो. महाराष्ट्रात मदतनीस म्हणतात, इथं तेडागर. गुजरातीत 'तेडवुं' म्हणजे मुलाला कडेवर घेणं आणि बोलावून आणणंही. सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करणं हे तिचं पहिलं काम. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची मूळ कल्पनाही हीच होती, आपण मुलांपर्यंत जायचं. भावनगरला बालशिक्षणाचंच काम करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर राहून त्या पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गुजरातमधून छोटाउदेपूर तालुका निवडला गेला. तो त्या वेळी आपल्याच वडोदरा जिल्ह्यात होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात नेलं. सरकारी पैशांतून गरिबांच्या मुलांना शिकवण्यावर या शहरात कोणी नाक मुरडलं, की मला म्हणून जास्त लागतं.

'खरंच भलं होतं का' याला पुरावा काय, असंही तुम्हाला वाटत असेल. परदेशातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पेरी बालवाडीचं. १९६० च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली, एका गटाला उत्तम बालवाडी दिली आणि चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा माग ठेवला. बालवाडीतली मुलं मोठेपणी जास्त कमावत होती, गुन्ह्यांत कमी अडकली होती. पण हा दाखला देऊन 'एक रुपयाचे अमुक रुपये होतात' असं भाषणात सांगतात तेव्हा मी अस्वस्थ होते. तिथं शिकवायला प्रशिक्षित शिक्षक होते, एकेका शिक्षकाकडे मोजकी मुलं होती आणि ते दर आठवड्याला मुलांच्या घरी जात. ती फळं आपल्या केंद्राच्या नावावर आपोआप जमा होत नाहीत. त्याच अमेरिकेत टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाडीत गेलेली मुलं सहावीपर्यंत इतरांपेक्षा थोडी मागेच पडलेली दिसली. बालवाडी आहे एवढ्यानं भागत नाही. आत काय चालतं ते मोजावं लागतं.

मला जास्त विश्वास वाटतो तो तमिळनाडूतल्या अभ्यासावर, कारण तो आपल्याच अंगणवाड्यांवर झाला. ३२० केंद्रं घेतली. त्यांतल्या निम्म्या केंद्रांना फक्त बालशिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली. बाकी इमारत तीच, मुलं तीच. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानं त्या मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. शिवाय वाढ खुंटलेली आणि तीव्र कुपोषित मुलंही तिथं कमी निघाली. जादा बाई शिकवण्यासाठी होती, मग कुपोषण का घटलं? कारण जुन्या बाईला वजनं घ्यायला, आयांशी बोलायला, घरी जायला हात मोकळे मिळाले. हे निष्कर्ष वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडच्या कितीतरी बायका आल्या. आम्ही वर्षानुवर्षं बैठकांमधून हेच सांगत होतो, त्याला कोणीतरी आकडे दिले.

कारण एका कार्यकर बेनच्या माथ्यावर काय काय असतं ते पाहा. तीन ते सहाची मुलं हा तिच्या कामाचा एक भाग. सहा महिन्यांपासूनची लहानगी, गरोदर बायका, बाळंतिणी, किशोरी यांना घरी न्यायची पोषणाची पाकिटं. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन-उंची. दंडाला पट्टी लावून घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, की ते मूल तीव्र कुपोषित. मग आईची समजूत घालणं आणि पुढं पाठवणं. ममता दिवसाला, म्हणजे आया-बाळांच्या आरोग्यतपासणीच्या दिवशी, लसीकरण. २०२१ पासून हे सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर फोनमध्ये भरायचं. २०२५ च्या जुलैपासून पाकिटं देताना चेहऱ्याची ओळखही पटवायची, आणि बाळंतीण उन्हात उभी असताना नेट गायब. त्यातून मतदार याद्या नि सर्वेक्षणं. एका वरिष्ठ कार्यालयातून मला एकदा विचारणा झाली होती, की अमुक केंद्राचे फोटो वेळेवर का आले नाहीत. त्या बाईनं त्या दिवशी पाऊण तास मुलांना गोष्ट नाट्य करून दाखवली होती, मी स्वतः तिथं बसले होते. गोष्टीचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. लेखी खुलासा तिलाच द्यावा लागला आणि मी ते थांबवू शकले नाही, याचं वाईट अजून वाटतं.

आणि मोबदला? गुजरातेत कार्यकर बेनना महिना १०,००० आणि तेडागर बेनना ५,५०० रुपये 'मानधन' होतं. पगार म्हणायचा नाही, कारण त्या 'स्वयंसेविका'. दाहोदकडच्या कार्यकर बेनच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयानं कार्यकर बेनना २४,८०० आणि तेडागर बेनना २०,३०० रुपये किमान वेतन देण्याचा आदेश दिला. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध काय, असं वाटेल. अगदी जवळचा आहे. आपल्या मुलांच्या बालवाडीत बाई दोन वर्षं टिकली नाही तर आपण शाळा बदलतो. या बायका वीस-वीस वर्षं टिकून आहेत, आणि त्यांच्या टिकण्यावर वस्तीतल्या पोरांचं बोलणं-चालणं उभं आहे.

वाईट केंद्रं नसतात असं मी म्हणणार नाही. हजेरीपटावर तीस आणि चटईवर सात मुलं, हे मी पाहिलं आहे. भाड्याची दहा बाय दहाची खोली, दाराला लागून रस्ता, त्यामुळे मुलांना बाहेर सोडायची भीती आणि दिवसभर दार बंद. खेळणी कपाटात कुलपात, कारण मोडली तर खुलासा कोण देणार. शहरातल्या केंद्रांना जागेचा हा त्रास फार आहे. खेड्यात निदान अंगण तरी असतं.

म्हणून अकरा वाजता जा म्हणते. दारातून आत शिरायच्या आधी थांबा आणि ऐका. मुलांचा कलकलाट येतो का? चांगल्या केंद्राचा आवाज गल्लीत येतो. आत गेल्यावर बाई कुठं आहे ते पाहा, खुर्चीवर फोन घेऊन की चटईवर. फोनवर असेल तर लगेच मत बनवू नका, नोंदी भरत असेल. दहा मिनिटं थांबा. मुलांच्या हातात काही आहे का? मणी, झाकणं, खडे, पानं, काहीही चालेल, विकतचंच हवं असं नाही. एखाद्या मुलाला विचारा, आज कुठलं गाणं म्हटलंत? दोन-तीन मुलं ओरडून सांगू लागली तर मुलीला तिथं बिनधास्त ठेवा. कोणी नवीन मूल रडत असेल तर बघा, त्याला कोण उचलतं. पाणी प्यायचं भांडं आणि संडास स्वतः पाहा. केंद्र अगदीच बंद-बंद वाटलं तर आणखी एखादं केंद्र चालत जाण्याजोगं आहे का ते शोधा, आणि मुख्य सेविकेला कळवा. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं येऊन विचारलं, हेच कित्येक केंद्रांना कधी घडलेलं नसतं. तक्रारीच्या सुरात जाऊ नका. बाईला विचारा, तुम्हाला काय कमी पडतं?

ताईंची आणखी एक भीती मला ठाऊक आहे, की अंगणवाडीत गेली तर मोठी शाळा हातची जाईल. तसं नाही. गुजरातेत आता पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. पाच पूर्ण झालेल्यांसाठी २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळांत बालवाटिका आहे. म्हणजे ही मुलगी पाचपर्यंत अंगणवाडीत, मग एक वर्ष बालवाटिकेत, मग पहिली. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत घ्यायचं झालं, तरी इथं तो प्रवेश पहिलीलाच मिळतो. नर्सरीचे दोन वर्षांचे वीस-बावीस हजार रुपये त्यासाठी भरावे लागत नाहीत. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला आणि राहण्याचा पुरावा मात्र आत्तापासून जमवून ठेवायला सांगा. नव्वद टक्के आया त्यातच अडतात. केंद्रात नाव घालताना लसीकरणाचं कार्ड न्यायला आणि त्याच दिवशी मुलीचं वजन करून घ्यायलाही सांगा.

नऊशेतले निम्मे तुम्ही देणार होतात. ते पैसे ताईंच्या हातात द्या, रोज एक अंडं किंवा शेंगदाणे-गूळ मुलीसाठी म्हणून. आणि एक गोष्ट फक्त तुमच्याच हातात आहे. केंद्र बहुधा नऊ-साडेनऊच्या सुमाराला भरत असेल, ताई तुमच्याकडे आठला येत असतील. मधल्या वेळात मुलीला न्यायला कोणी नसतं, तेडागर बेन येईपर्यंत ती दाराशी बसून राहते नाहीतर त्या दिवशी जातच नाही. पहिले दोन-तीन आठवडे तर आईनंच नेऊन थोडं बसायला हवं, तरच मूल रुळतं. तुमची भांडी दहाला घासली गेली तर चालेल का, तेवढं घरात विचारून घ्या.